ब्लॅडर एक्स्ट्रॉफी: उघड्या मूत्राशयासह जन्मलेल्या बाळाच्या पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्लॅडर एक्स्ट्रॉफी म्हणजे नेमके काय?

मूत्राशय, म्हणजे आपण ज्याला लघवीची पिशवी म्हणतो ती, एरवी ओटीपोटात समोरच्या हाडांच्या मागे बंदिस्त असते. या दोषात ती मिटलेलीच नसते. करंजी मुरडताना एक कड चिकटायची राहून गेली की आतले सारण दिसते, तसेच काहीसे येथे घडते. पोटाची खालची भिंत आणि पिशवीची पुढची बाजू तयार न झाल्यामुळे पिशवीचे आतले अस्तर बेंबीच्या खाली लाल, ओलसर, मखमली चकतीसारखे बाहेर दिसते. शांतपणे पाहिले तर त्या चकतीच्या खालच्या भागात दोन बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून आळीपाळीने लघवीचा थेंब उमटताना दिसतो. मूत्रपिंडांकडून येणाऱ्या दोन मूत्रवाहिन्यांची ती तोंडे आहेत.

दोष फक्त पिशवीपुरता नसतो. ओटीपोटाच्या समोर जी दोन हाडे एकमेकांना जुळलेली असायला हवीत, ती नवजात बाळात साधारण ४ सेंटिमीटर दूर राहिलेली असतात. बेंबी नेहमीपेक्षा खाली आणि गुदद्वार थोडे पुढे असते. मुलग्यांत लिंग आखूड व वर वळलेले असते आणि मूत्रमार्ग त्याच्या वरच्या बाजूने नळीऐवजी उघड्या पन्हळीसारखा असतो. मुलींत योनीच्या वरचा भाग दोन बाजूंना विभागलेला दिसतो. लघवी अडवून धरणारा स्नायूही नीट बनलेला नसतो.

मात्र पालकांना सर्वांत आधी सांगण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. या बाळांची मूत्रपिंडे बहुधा जन्मतः चांगली असतात, हृदय व मेंदू सहसा निर्दोष असतात आणि त्यांची बुद्धी इतर मुलांसारखीच असते.

हा दोष किती दुर्मीळ आहे? आमच्या डॉक्टरांनीही तो कधी पाहिला नव्हता.

साधारण ३० ते ५० हजार जन्मांमागे एका बाळात तो आढळतो आणि मुलींपेक्षा मुलग्यांत दुपटीहून अधिक दिसतो. त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांनी साऱ्या कारकिर्दीत असे बाळ एकदाही पाहिलेले नसणे स्वाभाविक आहे, आणि त्यावरून त्यांच्या कौशल्याविषयी शंका घेऊ नये. ‘मी हे पाहिलेले नाही, पुढे पाठवतो’ असे म्हणणारा डॉक्टर येथे सर्वांत उपयोगी ठरतो.

याच कुळातले आणखी दोन दोष आहेत. एपिस्पेडियास हा सौम्य प्रकार असून त्यात पिशवी आत असते, पण मूत्रमार्ग वरून उघडा असतो. मुलींमध्ये तो सहज नजरेतून सुटतो. चार-पाच वर्षांची मुलगी दिवसरात्र सतत ओली राहत असेल, तर ‘वय वाढले की सुटेल’ असे म्हणण्याआधी एकदा नीट तपासणी करून घ्यावी. दुसरा, क्लोॲकल एक्स्ट्रॉफी, फार गुंतागुंतीचा असतो. त्यात आतडे, गुदद्वार आणि पुष्कळदा पाठीचा कणाही सामील असतो. त्याचे उपचार वेगळे असल्याने येथे त्याविषयी अधिक लिहिलेले नाही.

आमचे काय चुकले? घरात म्हणतात की ग्रहण पाळले नाही.

हा प्रश्न बहुधा बाळाची आई विचारते, तोही सासरची मंडळी खोलीबाहेर गेल्यावर, हळू आवाजात. ग्रहणात सुरी हातात घेतली, पपई खाल्ली, उंबरठ्यावर बसली, ओझे उचलले, यांपैकी कशाचाही या दोषाशी संबंध नाही. पोटाच्या खालच्या भिंतीची घडण गर्भधारणेनंतरच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत होते, म्हणजे अनेक स्त्रियांना दिवस गेल्याची नुकतीच खात्री पटलेली असते त्या सुमारास. त्या काळात गर्भाच्या खालच्या बाजूला असलेल्या एका पातळ पडद्याच्या दोन थरांमध्ये पेशींचा तिसरा थर दोन्ही बाजूंनी शिरून त्याला बळकटी देतो. तो पुरेसा पोहोचला नाही, तर पडदा अवेळी फाटतो आणि समोरची बाजू जुळत नाही. असे का होते, याचे एक ठरावीक कारण सापडलेले नाही. आईच्या किंवा वडिलांच्या वागण्यातले काही तर नाहीच नाही.

पुढच्या अपत्याविषयीची भीतीही रास्त प्रमाणातच बाळगावी. एका मुलात हा दोष असताना पुढच्या भावंडात तो येण्याची शक्यता साधारण शंभरात एक मानली जाते. ती सर्वसामान्य जोडप्यापेक्षा जास्त असली, तरी शंभरातील नव्व्याण्णव वेळा पुढचे बाळ या दोषाविना जन्मते.

सोनोग्राफी तीन वेळा केली होती. तेव्हा दिसले कसे नाही?

गर्भातल्या बाळाची पिशवी भरते आणि रिकामी होते, त्यामुळे एका तपासणीत ती दिसली नाही तर ‘आत्ताच रिकामी झाली असेल’ असे समजणे चूक नसते. शिवाय या दोषात मूत्रपिंडे चांगली असतात आणि गर्भजलही पुरेसे असते, म्हणजे डॉक्टरांना सावध करणारी नेहमीची चिन्हे नसतात. अठरा ते वीस आठवड्यांच्या ॲनॉमली स्कॅनमध्ये पिशवी पुन्हा पुन्हा पाहूनही भरलेली न दिसणे, बेंबीची नाळ खूप खाली जोडलेली असणे आणि तिच्याखाली पोटावर उंचवटा दिसणे या तीन खुणा एकत्र आल्या की संशय घेता येतो. तरीही अनेक बाळांचे निदान जन्मानंतरच होते.

गर्भात असतानाच निदान झाले तर काय करावे?

कोणताही निर्णय घेण्याआधी बालशल्यचिकित्सकांची, म्हणजे लहान मुलांच्या सर्जनची, भेट घ्यावी. सोनोग्राफीच्या अहवालातला एक इंग्रजी शब्द इंटरनेटवर शोधून समोर येणारी छायाचित्रे पाहणे आणि हा आजार समजून घेणे यांत फार अंतर आहे. हे बाळ जगते, शिकते आणि मोठे होते. त्याचबरोबर त्याला अनेक वर्षे उपचार लागतात, हेही खरे आहे. या दोन्ही बाजू ऐकून घेतल्यावर होणारा निर्णय पालकांचा असतो आणि त्यासाठी कायद्याने दिलेली मुदत स्त्रीरोगतज्ज्ञ समजावून सांगतात. गर्भ ठेवण्याचे ठरले, तर प्रसूती शक्यतो अशा शहरात व्हावी जेथे बालशल्यविभाग जवळ आहे. केवळ या दोषासाठी सिझेरियन करावे लागत नाही.

बाळ जन्मल्यावर पहिल्या काही तासांत काय करायचे असते?

थोडे, पण ते नेमके करायचे असते. नाळेला नेहमीचा प्लास्टिकचा कडक चिमटा लावू नये. तो बेंबीखालच्या नाजूक अस्तरावर घासतो, म्हणून नाळ दोऱ्याने बांधावी. उघड्या भागावर कोरडा कापूस, गॉज किंवा व्हॅसलिनची पट्टी ठेवू नये, कारण ती चिकटते आणि काढताना अस्तर सोलवटते. स्वयंपाकघरात अन्न झाकायला वापरतात तशी पातळ, पारदर्शक प्लास्टिकची स्वच्छ फिल्म त्यावर अलगद ठेवावी आणि वरून डायपर बांधावा. प्रत्येक वेळी डायपर बदलताना निर्जंतुक सलाईनने तो भाग ओला करून घ्यावा आणि फिल्म नवी घ्यावी. एवढेच.

बाळाला आईचे दूध नेहमीप्रमाणे पाजावे. ते छातीशी धरता येते, कुशीत घेता येते. चकती लाल दिसते, घासली तर रक्ताचा ठिपका येतो आणि स्पर्श झाला तर बाळ कळवळते, परंतु न छेडल्यास ते सतत वेदनेत असते असे नाही.

आपल्याकडच्या बाळंतपणाच्या पद्धतींविषयी येथेच स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. न्हाऊ घालणाऱ्या बाईंना आधी सर्व सांगून ठेवावे. पोटावर तेल चोळू नये, त्या भागाजवळ शेक किंवा धुरी देऊ नये, हळद, राख किंवा ‘गावाकडचा लेप’ लावू नये. आजीचा हेतू चांगला असतो, पण असे लेप लावून आणलेल्या बाळाचे अस्तर सुजून जाड झालेले असते आणि त्यामुळे पुढची शस्त्रक्रिया लांबते.

बारशाचे काय, असेही पालक विचारतात. बारसे जरूर करावे. पाहुण्यांना काय सांगायचे हे नवरा-बायकोने आधी ठरवून ठेवावे. ‘पोटाचे एक ऑपरेशन आहे, डॉक्टरांनी तारीख दिली आहे’ एवढे उत्तर पुरते. बाळाचे दुपटे बाजूला करून कोणालाही काही दाखविण्याची गरज नाही.

ऑपरेशन लगेच, त्याच दिवशी करावे लागते का?

नाही. पालकांच्या मनातला सर्वांत मोठा गैरसमज हाच असतो, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहे.

जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत आईच्या संप्रेरकांच्या प्रभावामुळे बाळाची हाडे आणि सांधे लवचिक असतात. तेव्हा शस्त्रक्रिया केल्यास काही बाळांत हाडे न कापताही ती समोर आणता येतात, म्हणून अनेक वर्षे ‘७२ तासांच्या आत’ हा नियम पाळला जात असे. आता अनेक मोठी केंद्रे मुद्दाम काही आठवडे ते काही महिने थांबून, बाळाचे वजन वाढू देऊन, संपूर्ण चमू जमवून शस्त्रक्रिया करतात, आणि तशी नीट योजून केलेली उशिराची शस्त्रक्रियाही चांगली ठरते. या दोन पद्धतींत कोणती सरस, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. एकमत आहे ते दुसऱ्या गोष्टीवर. पिशवी पहिल्याच प्रयत्नात यशस्वीपणे बंद झाली, तर पुढे तिची वाढ होण्याची आणि मूल कोरडे राहण्याची शक्यता सर्वाधिक असते. पहिली शस्त्रक्रिया उसवली, टाके सुटले, पिशवी पुन्हा बाहेर आली, तर दुसऱ्या प्रयत्नात मिळणारे ऊतक व्रणांनी भरलेले असते आणि प्रत्येक अपयशाबरोबर ही शक्यता घटत जाते.

म्हणून कोणी ‘आज रात्रीच करून टाकू’ म्हणाले, तर आदराने एक प्रश्न विचारावा: ‘आपण आणि आपल्या चमूने अशी किती बाळे हाताळली आहेत?’ चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही. फिल्म लावलेले, दूध पिणारे बाळ चार आठवडे थांबू शकते. घाईत उसवलेली पिशवी मात्र पूर्ववत होत नाही.

थांबण्याच्या काळात एका गोष्टीवर लक्ष ठेवावे. या मुलग्यांपैकी बहुतेकांना जांघेत हर्निया असतो. जांघेत गाठ येऊन ती कडक झाली, बाळ थांबता थांबेना असे रडू लागले किंवा उलट्या सुरू झाल्या, तर ती खरी तातडी असते. तेव्हा सकाळची वाट पाहू नये.

मग कोठे जावे?

जेथे बालशल्यचिकित्सक, लहान मुलांची भूल देणारे तज्ज्ञ, अस्थिशल्यचिकित्सक आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग एकाच छताखाली आहेत, तेथे. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांतील मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांत आणि बालरुग्णालयांत बालशल्यविभाग आहेत व पहिला सल्ला तेथे मिळू शकतो. शेजारच्या गुजरातेत, अहमदाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये, २००९ मध्ये भारतीय आणि अमेरिकी बालमूत्रशल्यचिकित्सकांनी मिळून केवळ या दोषासाठी एक उपक्रम सुरू केला. तज्ज्ञ तेथे जमतात, एकत्र शस्त्रक्रिया करतात आणि त्याच मुलांना पुढची अनेक वर्षे तपासतात. दुर्मीळ आजारात अनुभव असाच एका जागी साठवावा लागतो.

शस्त्रक्रियेत नेमके काय करतात?

मूळ कल्पना सोपी आहे. उलगडलेली पिशवी मिटवून गोल करायची, ती ओटीपोटात खोल बसवायची, मूत्रमार्गाची नळी करायची, समोरची हाडे जवळ आणायची आणि त्यावर पोटाची भिंत शिवायची. हे एकदम करायचे की टप्प्याटप्प्याने, यावर पद्धती बदलतात.

टप्प्यांच्या पद्धतीत पहिल्यांदा पिशवी व पोट बंद करतात, सहा महिने ते एक वर्षाच्या सुमारास लिंग सरळ करून त्याचा मूत्रमार्ग बनवतात, आणि मूल चार-पाच वर्षांचे झाल्यावर, पिशवीत साधारण १०० मिलिलिटर लघवी मावू लागली की, तिचे तोंड अरुंद करून लघवी धरण्याची सोय करतात. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात रॉबर्ट जेफ्स आणि जॉन गियरहार्ट यांनी ही पद्धत रुळवली. मायकेल मिचेल यांच्या पद्धतीत पिशवी आणि मूत्रमार्ग हा एकच सलग भाग मानून बहुतेक काम एकाच वेळी करतात. मेलबर्नच्या जस्टिन केली यांच्या पद्धतीत हाडे न कापता हाडांना चिकटलेले स्नायू सोडवून आणून मूत्रमार्गाभोवती गुंडाळतात. आपल्या सर्जनचा हात ज्या पद्धतीत बसलेला आहे, ती पद्धत आपल्या बाळासाठी बहुधा योग्य असते. तीन ठिकाणी दाखवून तीन पद्धतींचा मेळ घालण्याचा प्रयत्न पालकांनी करू नये.

या उपचारांचा इतिहास पाहिला की आजच्या काळाविषयी कृतज्ञता वाटते. १८५२ मध्ये लंडनमध्ये जॉन सायमन यांनी लघवी आतड्यात वळवण्याचा पहिला प्रयत्न केला. पुढे शतकभर हाच मार्ग प्रचलित राहिला. त्यात मुले कोरडी राहत, पण मूत्रपिंडांना जंतुसंसर्ग होई आणि काही दशकांनी, जेथे मूत्रवाहिन्या आतड्याला जोडल्या तेथे, कर्करोगाचा धोका वाढे. आपल्या घरात कोणा ज्येष्ठ व्यक्तीची लहानपणी अशी शस्त्रक्रिया झाली असेल, तर त्यांनी आजही नियमित कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, करून घ्यावी. पिशवी मिटवून मूल कोरडे राहिल्याची पहिली यशस्वी नोंद १९४२ मधली असून ती ह्यू हॅम्प्टन यंग यांच्या नावावर आहे.

हाडे कापणे खरोखर आवश्यक आहे का? बाळ चालेल ना?

पोटाची भिंत ताणाखाली शिवली, तर ती उसवते. हाडे जवळ आणल्याने तो ताण कमी होतो, म्हणून बहुतेक बाळांत, विशेषतः काही दिवसांपेक्षा मोठ्या बाळांत, कमरेच्या हाडांना दोन्ही बाजूंनी छेद देऊन ती आत वळवतात. याला ऑस्टिओटॉमी म्हणतात. हाडे सहसा चार ते सहा आठवड्यांत जुळून येतात. बाळ चालते. सुरुवातीला पाय थोडे बाहेर वळवून, बदकासारखे डोलत चालते आणि बहुतेक मुलांची ही ढब वाढत्या वयात कमी होते.

ऑपरेशननंतरचे ते आठवडे कसे असतात?

पालकांच्या दृष्टीने हाच काळ सर्वांत कठीण असतो. पाय एकमेकांपासून दूर जाऊ नयेत म्हणून बाळाला चार ते सहा आठवडे जखडून ठेवतात. कोठे कमरेपासून खाली प्लास्टर घालतात, कोठे पाय वजनाने ओढून धरतात, तर कोठे दोन्ही पाय एकत्र गुंडाळतात. बाळाच्या पोटातून दोन-तीन बारीक नळ्या बाहेर येतात. मूत्रवाहिन्यांतल्या नळ्या साधारण दोन आठवड्यांत काढतात आणि पिशवीतली नळी त्याहून जास्त दिवस ठेवतात. तिच्यामुळे नवी शिवलेली पिशवी रिकामी राहते, म्हणून ती निसटू नये याची जिवापाड काळजी घ्यावी लागते.

पाय वजनाने ओढून धरलेल्या बाळाला मांडीवर घेता येत नाही. मग आई खाटेच्या कडेवर गुडघा टेकवून, एका हाताने वरची दांडी धरून, बाळावर ओणवी होऊन त्याला पाजते. पहिल्या दिवशी हे अशक्य वाटते आणि चौथ्या दिवशी तीच आई शेजारच्या खाटेवरच्या नव्या आईला शिकवत असते. प्लास्टर असेल, तर समोर ठेवलेल्या खिडकीत आधी लहान डायपर खोचून त्यावर मोठा बांधावा, म्हणजे प्लास्टरची कड भिजत नाही. वेदनेसाठी पाठीतून औषध देण्याची सोय अनेक ठिकाणी असते. तिच्याविषयी आधीच विचारून ठेवावे, कारण शांत बाळाचे टाके टिकतात.

ताप येणे, नळीतून लघवी अचानक थांबणे, पोट फुगणे किंवा शिवणीतून लघवी झिरपणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालयाशी संपर्क साधावा.

आमचे मूल कोरडे कधी राहील?

याचे प्रामाणिक उत्तर असे आहे की सर्वच मुले मूत्रमार्गाने लघवी करून, नळीशिवाय, दिवसभर कोरडी राहतात असे नाही. काही राहतात. किती, याचे आकडे केंद्रागणिक इतके वेगळे येतात की एकच आकडा सांगणे दिशाभूल ठरेल. पिशवीचे जन्मतः असलेले आकारमान, पहिल्या शस्त्रक्रियेचे यश आणि पुढची वाढ यांवर ते ठरते. पाच वर्षांच्या निरोगी मुलाच्या पिशवीत साधारण २०० मिलिलिटर लघवी मावते, त्या मानाने या मुलांची पिशवी लहान असते.

मुलाची तयारीही पाहावी लागते. तोंड अरुंद करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मुलाला स्वतः वेळेवर जाणे, थांबवणे, सोडणे शिकावे लागते. त्याला स्वतःला कोरडे राहावेसे वाटत नसेल, तर वर्षभर थांबण्यात तोटा नाही. मावसभाऊ तीन वर्षांचा असताना डायपरमधून सुटला, ही तुलना घरात पुन्हा पुन्हा होऊ देऊ नये.

पिशवी लहानच राहिली तर?

तर आतड्याचा एक भाग वापरून ती मोठी करता येते आणि लघवी बाहेर काढण्यासाठी वेगळी वाट करता येते. फ्रेंच सर्जन पॉल मिट्रोफॅनॉफ यांनी १९८० मध्ये अपेंडिक्सचा उपयोग करून अशी वाट दाखवली. अपेंडिक्सचे एक टोक पिशवीला आणि दुसरे बहुधा बेंबीत उघडते. बाहेरून फक्त बेंबीच दिसते, आणि पौगंडावस्थेतल्या मुलांच्या दृष्टीने ही मोठीच सोय असते.

रोजच्या जगण्यात ते असे दिसते. नऊ वर्षांची मुलगी मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहात जाते, साबणाने हात धुते, दप्तरातल्या लहान डब्यातून नळी काढते, टोकाला जेली लावते आणि बेंबीतून हलकेच आत सरकवते. लघवी वाहून थांबली की थोडे पोट दाबते, नळी हळूहळू बाहेर घेते, धुऊन ठेवते. पाच मिनिटांचे काम, दर तीन-चार तासांनी. नळी निर्जंतुक नसली तरी चालते, ती स्वच्छ असली म्हणजे पुरे, हे जॅक लॅपिडेस यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले, म्हणूनच हे काम घरी आणि शाळेत शक्य झाले.

आतड्याचे अस्तर आपला स्वभाव सोडत नाही, म्हणजे त्याचा चिकट स्राव पिशवीतही पाझरतच राहतो. त्यामुळे पिशवी नियमित धुवावी लागते, अन्यथा खडे होतात. रक्तातील आम्लता आणि काही वर्षांनी बी-१२ जीवनसत्त्व तपासावे लागते. मोठी केलेली पिशवी नळी न घालता तशीच भरू दिली, तर ती क्वचित फुटू शकते. अशा मुलाच्या पोटात अचानक तीव्र दुखून उलट्या किंवा ताप आला, तर रुग्णालयात पोहोचताच ‘पिशवीला आतडे जोडलेले आहे’ हे पहिले वाक्य असावे.

मूत्रपिंडांचे काय?

कोरडेपणाच्या चिंतेत पालकांचे याकडे दुर्लक्ष होते, म्हणून ठासून सांगावे लागते. जन्मतः चांगली असलेली मूत्रपिंडे नंतर बिघडू शकतात. या मुलांच्या मूत्रवाहिन्या पिशवीत सरळ शिरतात, त्यामुळे पिशवी बंद केल्यावर लघवी जवळजवळ प्रत्येक मुलात उलटी वर चढते. त्यात जंतुसंसर्ग झाला किंवा बाहेरची वाट फार अरुंद झाली, तर मूत्रपिंडांवर व्रण पडतात. म्हणून पिशवी बंद झाल्यानंतर प्रतिजैविकाचा रोजचा लहान डोस, ठरलेल्या वेळी सोनोग्राफी आणि विनाकारण आलेल्या प्रत्येक तापात लघवीची तपासणी आवश्यक असते. मूल छान खेळत आहे म्हणून सोनोग्राफी चुकवू नये. मूत्रपिंड बिघडताना बराच काळ काहीच दुखत नाही.

रबरी वस्तूंपासून दूर राहायला का सांगतात?

वारंवार शस्त्रक्रिया आणि नळ्यांमुळे या मुलांना लेटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची, ॲलर्जी होण्याचा धोका जास्त असतो. हातमोजे, नळ्या आणि वाढदिवसाचे फुगे, सर्वच त्यात आले. फुग्यांऐवजी कागदी पताका लावाव्यात.

आमचा मुलगा सहा वर्षांचा आहे आणि अजून काहीच उपचार झालेले नाहीत.

उशीर झाला आहे, पण वेळ गेलेली नाही. पैसे, अंतर, लाज किंवा ‘मोठा झाल्यावर पाहू’ असा कोणी दिलेला सल्ला, यांमुळे अनेक मुले उशिरा येतात. उघडे अस्तर वर्षानुवर्षे कपड्यांवर घासून जाड आणि गाठाळ होते. हाडे कडक झालेली असतात, म्हणून ती कापावीच लागतात. पिशवी वापरण्याजोगी आहे का, हे कधी कधी तिचा तुकडा तपासून ठरवावे लागते. असे मूल शाळेत गेलेले नसते किंवा वासामुळे मागच्या बाकावर एकटे बसवलेले असते. उपचार न केलेल्या उघड्या पिशवीत प्रौढपणी कर्करोगाचा धोका वाढतो, तेव्हा वय कितीही असले तरी दाखवावे.

पुढे लग्न, मुले-बाळे?

मुली गर्भवती होऊ शकतात. त्यांच्यात गर्भाशय खाली सरकण्याचे प्रमाण अधिक असते आणि प्रसूती बहुधा ठरवून, सिझेरियनने, मूत्रशल्यचिकित्सक हजर असताना करतात. मुलग्यांत लिंग आखूड असले तरी ताठरता सहसा येते. वीर्य बाहेर येण्यात अडचण असू शकते आणि काहींना अपत्यासाठी कृत्रिम तंत्राची मदत घ्यावी लागते. एक्स्ट्रॉफी असलेल्या व्यक्तीच्या अपत्यात हाच दोष येण्याची शक्यता साधारण सत्तरात एक सांगितली जाते. मुलाला हे सर्व बारा-तेरा वर्षांच्या वयापासून, त्याला झेपेल तसे, सांगत जावे. लपवलेले त्याला मोबाइलवर कळतेच, आणि तेथे ते फार वाईट रीतीने कळते.

शाळेत कोणाला सांगावे?

मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक यांना, डॉक्टरांच्या पत्रासह. पत्रात आजाराचे वर्णन नको. ‘या विद्यार्थ्यास केव्हाही स्वच्छतागृहात जाण्याची परवानगी द्यावी आणि कडी असलेले स्वच्छतागृह उपलब्ध करावे’ एवढे पुरे. दप्तरात एक जास्तीची चड्डी, एक पिशवी, एक लहान टॉवेल ठेवावा.

खर्चाचे कसे करावे?

महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली कुटुंबाला दरवर्षी ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि तिच्यात बालशल्यचिकित्साही येते. आपल्या बाळाची नेमकी शस्त्रक्रिया यादीत कोणत्या नावाने आहे, हे दाखल होण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून लेखी पाहून घ्यावे. जन्मदोषांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक जिल्हा रुग्णालयाकडे पाठवते, तेथूनही मदत मिळते. खर्चाचा अंदाज काढताना शस्त्रक्रियेपेक्षा त्या दोन महिन्यांची घराबाहेरची राहणी, बुडालेली मजुरी आणि पुढच्या वर्षांतल्या नळ्या यांची बेरीज आधी करावी. ती पालकांना बहुधा जड जाते.

कोणते कागद जपावेत?

सर्व. त्यांतही शस्त्रक्रियेची सविस्तर टिपण अवश्य मागून घ्यावी, केवळ डिस्चार्ज कार्ड नव्हे. काय कापले, काय कोठे जोडले, अपेंडिक्स वापरले की नाही, हे पंधरा वर्षांनी दुसऱ्या गावातल्या सर्जनला फक्त त्या टिपणीतून कळते. फाइल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी, प्रत्येक पानाचा फोटो दोन मोबाइलमध्ये ठेवावा आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहावे: ‘लेटेक्स वापरू नये.’